एक टाळी

रात्रीचे साडेदहा. गंगावेशीत म्हशी उभ्या.
चरवीत धार पडते तिचा आवाज
आणि आमचा आवाज, दोन्ही एकदमच फेसाळतात.
आज दोन-एक. हरलो.

इलियास बागवान म्हणतो, डिफेन्स कुठं हुता?
कुंपण लावलंतं नुसतं, तेबी गंजलेलं.
धोंडीराम पिसाळ शिरोलीच्या फौंड्रीतनं तसाच आलेला,
नखांत काळं. म्हणतो, रेफ्रीला चष्मा घेऊ, वर्गणी काढा.
बापू इंगवले कुणाचंच ऐकत नाहीत.
ते सत्त्याऐंशी सालच्या एका कॉर्नरपाशी उभे आहेत
आणि तो कॉर्नर अजून कुणी घेतलेला नाही.

मग गाडी पैशावर येते. दर हंगामात येते.
पूर्वी पोरं गल्लीतलीच,
सकाळी घरोघर दूध घालून दुपारी मैदानात.
बक्षीस म्हणजे नारळ आणि झेंडूचा हार,
जो आईनं वाळून भुगा होईस्तोवर खुंटीवर ठेवायचा.
आता गोव्याचा स्ट्रायकर, मणिपूरचा विंगर,
घानाचा एक उंच पोरगा,
ज्याला गल्लीनं पहिल्याच आठवड्यात खंडू करून टाकलं.
करार, उचल, खोलीभाडं, रोज सहा अंडी.
"पैसा आला आन् इमान गेलं," बापू.
"इमान हुतं तवा सेमीपतूर तरी गेलतो काय?" इलियास.
म्हैस मान हलवते.

तालमीच्या हौद्यात माती कोरडी पडलीय.
तिथं जाळ्या ठेवतात, झेंड्यांचे बांबू,
मिरवणुकीतला एक फुटका स्पीकर.
मारुती तेवढा जागचा जागी.
मॅचच्या सकाळी त्याच्या पायाशी बूट मांडायचे,
गल्लीतले असोत की भाड्याचे.

मी बोलत नाही.
मला एक सांगायचंय, आणि ते या कट्ट्यावर सांगता येत नाही.
सत्तराव्या मिनिटाला त्यांच्या सात नंबरनं,
चौगुल्यांचं ते बारकं पोर, मोजे घसरलेले,
तीस यार्डांवरनं फ्री किक घेतली.
बॉल निघाला तो आमच्या भिंतीच्या बाहेरनं, पार बाहेरनं,
जणू त्याचं काम दुसरीकडंच कुठंतरी होतं,
आणि मधेच काहीतरी आठवल्यासारखा वळला.
वरच्या कोपऱ्यात. जाळी हलली ती नंतर.
आणि माझे हात वाजले.

एकदाच.
आमच्या बाजूची सगळी गॅलरी चिडीचूप,
त्यात एक टाळी.
मी लगेच डास मारल्यासारखं केलं.

चाळीस वर्षं किरमिजी झेंडा धरलाय मी.
लग्नातला फेटा किरमिजी.
बहीण पलीकडच्या पेठेत दिली
तेव्हा वडिलांनी तारीख फायनलनंतरची धरली होती,
म्हणाले, व्याह्यांशी निदान अक्षता पडेपर्यंत तरी बोलता यावं.
फेब्रुवारीत दगड आले, तीन आठवडे मैदान बंद,
तेव्हासुद्धा मी म्हटलं, पहिला दगड त्यांचा.
बघितला नव्हता. म्हटलं.
आणि आज हे हात. कुणाच्या पेठेचे?

इलियास गेला. धोंडीरामला तिसऱ्या पाळीचा फोन.
दूधवाल्यानं बादली उपडी घातली.
बापू उठता उठता थांबले,
गल्लीच्या दोन्ही तोंडांकडं बघून घेतलं,
मग गळ्यातला किरमिजी रुमाल काढून खिशात कोंबला.
"एक इचारू?
कुणाला बोलायचं न्हाई.
त्यो बॉल वळला कसा रं?"

मी चार रिकामे ग्लास ओळीनं मांडले. ही आमची भिंत.
बापूंनी तळाशी उरलेल्या दुधात बोट बुडवलं
आणि फरशीवर एक रेघ ओढली.
पुसली. पुन्हा ओढली.
"अजून बाहेरनं," मी म्हटलं, "अजून थोडं बाहेरनं."